वजा केलेलं पाणी

"आजारपण काय मोबाईलवर काढत्यात व्हय गं?"

हे माझ्या आत्याचं वाक्य. आई दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आली त्या दिवशी आत्या तिला बघायला आली होती, आणि मी तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर वजनाचा आकडा कसा पाठवायचा ते शिकवत होते. आत्या फटकळ आहे, तोंडावर बोलते, हे तिचे उपकारच म्हणायचे. बाकीचे हेच माझ्या माघारी बोलत होते. लेक साताऱ्यात शाळेत गणित शिकवणार, आई तिकडे आटपाडीजवळच्या मळ्यात धापा टाकणार, आणि लेक म्हणे बोटानं आजारपण काढणार.

तर हो, काढलं. माझ्या आईचं आजारपण मी फोनवरून काढलं, अजूनही काढते आहे. त्यात एकदा मोठी चूक झाली आणि आई हातची जाता जाता राहिली. तरी मी ते सोडलेलं नाही. ज्यांचं माणूस एका गावात आणि नोकरी-संसार दुसऱ्या गावात आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांना नुसतंच बोलायचं आहे त्यांनी वाचलं नाही तरी माझी तक्रार नाही.

निदान

आईला दोन महिने खोकला होता. अडुळसा झाला, हळद-दूध झालं, गावातल्या डॉक्टरांची इंजेक्शनं झाली. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा बघितलं, ती दोन भाकरी थापून मध्येच बसत होती. "धूर लागतुया," म्हणाली. चूल पेटलेली नव्हती, गॅसवर तवा होता.

दुसऱ्या दिवशी तिला सांगलीला नेलं. छातीचा फोटो, ईसीजीची पट्टी, मग सोनोग्राफीसारखी ती हृदयाची तपासणी. डॉक्टरबाई वयानं माझ्याहून लहान होत्या. हृदयाची ताकद कमी झाली आहे, म्हणून अंगात पाणी साठतं आहे, असं त्यांनी सांगितलं. तात्यांनी विचारलं, "किती राहिलीया?" बाईंनी आकडा सांगितला नाही, नुसता हात निम्म्याच्याही खाली नेऊन दाखवला. तात्यांनी मान हलवली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी बाहेर आले आणि गाड्यावर उभी राहून दोन वडापाव खाल्ले. आई आत तशी पडलेली असताना मला भूक लागली याची मला फार लाज वाटली. आता वाटत नाही. माणसाला भूक लागते.

नातं काय लिहू?

दाखल करताना खिडकीवरच्या माणसानं विचारलं होतं, "मुलगा आहे ना? मग त्याचाच नंबर द्या." तात्यांनी मोठ्या अभिमानानं संदीपचा नंबर दिला. संदीप माझा धाकटा भाऊ, फौजेत आहे. तेव्हा त्याची नेमणूक अशा ठिकाणी होती की आठवड्यातून एकदा फोन लागला तरी देव पावला म्हणायचं. आणि दवाखान्याचा सगळा कारभार ॲपवर. रिपोर्ट बघायचा, ओटीपी संदीपला. डॉक्टरांची वेळ घ्यायची, ओटीपी संदीपला. आईच्या रक्ताचा रिपोर्ट तयार असून तीन दिवस आम्ही तो उघडू शकलो नाही.

चौथ्या दिवशी मी खिडकीवर जाऊन उभी राहिले. नंबर बदला म्हटलं.

"तुम्ही लग्न झालेल्या ना? मग नातं काय लिहू?"

"मुलगी. लग्नानं ते बदलत नाही."

मागे रांग लागली होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, रांगेकडे बघितलं आणि लिहिलं. संदीपला पुढच्या फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, लय बरं केलंस. हितं मला माझाच ओटीपी येत न्हाई."

बावन्न

घरी सोडताना डॉक्टरांनी कागद दिला. मीठ बंद, पाणी मोजून, गोळ्या वेळेवर. आणि रोज सकाळी चहाच्या आधी वजन. ते ॲपवर भरायचं, आठवड्यातून एकदा व्हिडिओवर तपासणी. ही सगळी कामं मी अंगावर घेतली. वजनाचं मात्र तात्यांकडे दिलं, कारण त्या कामाला त्यांच्याहून लायक माणूस जिल्ह्यात सापडला नसता.

तात्या पस्तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार होते. हळदीची पोती काट्यावर घ्यायची, वजन पुकारायचं. त्यांनी पुकारलेला आकडा शेतकऱ्यानंही मानायचा आणि व्यापाऱ्यानंही. निवृत्तीनंतर ते गावी मळ्यात आले, थोडी डाळिंबं लावली, पण बाजारात कुणी भाजी तोलत असलं तर अजूनही त्यांची नजर काट्यावरून हटत नाही. मी त्यांच्यासाठी वजनकाटा आणला आणि म्हणाले, "तात्या, रोज आकडा पाठवा. आकडा एकदम बरोबर पाहिजे हं."

"मला सांगतीस व्हय?" तात्या म्हणाले.

मी एवढंच बोलले. वजन कशासाठी घ्यायचं हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, पण मी ते तात्यांना सांगितलं नाही. गडबड होती आणि मला म्हसवडला उतरून साताऱ्याची गाडी धरायची होती.

मग रोज सकाळी साडेसहाला, माझा चहा उकळत असताना, तात्यांचा आवाज यायचा. "बावन्न किलो शंभर." "बावन्न सरळ." "बावन्न दोनशे." मी तो ॲपवर भरायचे, गोळ्यांची आठवण करायचे, मग डबे, मग शाळा. औषधं आटपाडीपर्यंत कुरियरनं मागवायचे, पुढे तात्या स्टँडवरून घेऊन यायचे. मीठ बंद झाल्यापासून आईचं आणि माझं रोज वाजायचं. "तात्या, कॅमेरा फडताळाकडं फिरवा," असं म्हणून मी बरण्यांची झडती घ्यायचे. एकदा दह्याच्या मडक्यामागे भरली मिरची सापडली. "लेक न्हाई, फौजदारीन जलमली माझ्या पोटाला," आई म्हणाली.

मळ्यात धड रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, घरात चित्र तुटत तुटत दिसतं. व्हिडिओ तपासणीच्या दिवशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून टाकीजवळ खुर्चीवर बसायची. डॉक्टरबाईंनी विचारलं, दम लागतो का, तर ही म्हणायची, "बरं हाय की. तुमचं गाव कंचं म्हनायचं?" पाहुण्यापुढे दुखणं उगाळायचं नाही ही तिची रीत, आणि डॉक्टर म्हणजे तिच्या लेखी घरी आलेला पाहुणा. मी पलीकडून ओरडून सांगायचे की तिला झोपायला तीन उशा लागतात. डॉक्टरबाई हसायच्या, मग ॲपवरचं वजन बघायच्या. "वजन अगदी स्थिर आहे. छान. गोळी तीच ठेवू."

चाळीस दिवस बावन्न. मी गणिताची बाई आहे. मुलांना सांगते की मोजमाप कधी इतकं शहाणं नसतं, दहा वेळा मोजलं तर दहा वेळा थोडं हलतं. आणि घरची ती सरळ रेषा बघून मी खूश होत होते. तिचा फोटो काढून संदीपला पाठवला होता.

पाय

तो रविवार होता. तात्या फोन घेऊन टाकीकडे चालले होते, फोन त्यांच्या हातात कलला आणि मला खाटेवर बसलेल्या आईचे पाय दिसले. क्षणभरच. पायात जोडवी नव्हती.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. माझ्या आईनं लग्नानंतर जोडवी उतरवलेली मी कधी बघितली नाही. बाळंतपणात नाही, पाय मोडला होता तेव्हा नाही. नवरा जिवंत असताना ती उतरवत नाहीत, ही तिची पक्की समजूत.

"तात्या, मागं फिरा. आईच्या पायातली जोडवी कुठं हायत?"

मागून आईचा आवाज आला, "रुतत व्हती गं. तुझ्या तात्यांनी पक्कडीनं तोडली. नवी घिऊ की."

"पाय दाखवा मला."

पाय सुजून तट्ट झाले होते, घोट्याचं हाड दिसत नव्हतं. मी विचारलं, रात्री झोपतेस का? ती म्हणाली, बसूनच डोळा लागतो. मी शेजारच्या मळ्यात फोन करून जीप काढायला लावली आणि नेसत्या साडीनिशी साताऱ्याच्या स्टँडवर गेले. कऱ्हाडपर्यंत उभीच होते. बसायला जागा होती, मला बसवत नव्हतं.

सांगली, दुसऱ्यांदा

मी पोचले तेव्हा आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलेलं होतं. सिस्टरनं मला कागद दाखवला. आल्या आल्या घेतलेलं वजन एकोणसाठ किलो.

"आणि ॲपवर आज सकाळी बावन्न भरलंय. कुणी भरलं हे?"

"मी भरलं," मी म्हणाले. तात्यांकडे बघितलं. ते भिंतीला टेकून उभे होते.

कॉरिडॉरमध्ये मी त्यांच्यावर ओरडले. खोटं का सांगितलंत म्हणून ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी तात्यांशी त्या आवाजात बोलले.

"खोटं न्हाई सांगितलं," तात्या म्हणाले. "जे आलं त्यातनं बारदान वजा केलं."

बारदान म्हणजे रिकामं पोतं. मालाचं वजन सांगताना पोत्याचं वजन काढून टाकतात. तात्यांनी आईचं लुगडं, बांगड्या, सगळं वेगळं तोलून ठेवलं होतं आणि रोज वजा करत होते.

"बरं, ते किलो-दीड किलो. बाकीचं कुठं गेलं?"

"पायात पानी दिसत व्हतं की मला. रोज वाईच वाईच वाढत व्हतं. पानी मालात धरत न्हाईत, जये. वली हळद आली की वलीचं वजन आमी काढून टाकायचो. पस्तीस वर्सं कुणाच्या माथी पान्याचं वजन मारलं न्हाई म्या." मग आवाज खाली गेला. "तू म्हनलीस आकडा बरुबर पायजे. तुझी आई बावन्नच हाय गं. ती वाढलीच न्हवती. पानी वाढलं व्हतं."

हिशेब चोख होता. डॉक्टरांना जे हवं होतं, नेमकं तेवढंच तात्यांनी रोज सकाळी इमानदारीनं काढून टाकलं होतं. आणि ते कशासाठी हवं आहे हे त्यांना सांगायचं काम माझं होतं.

संध्याकाळी आईचा मास्क थोडा वेळ काढला. तिला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. ती तात्यांना म्हणाली, "आवं, फुडल्या खेपंला मला बारदानासकट तोला." सिस्टर हसली. तात्यांना हसू आलं नाही.

कोण कुठून बघत होतं

तिसऱ्या दिवशी आत्या आली. "झालं न्हवं? म्हनलं व्हतं मी. मोबाईलवरनं शेवा व्हत न्हाई. तू नोकरी सोड, न्हाईतर आईला साताऱ्याला ने."

साताऱ्यात माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. आणि आईनं मळा सोडायला आधीच साफ नकार दिलेला. पण मी ही कारणं सांगत बसले नाही. मला राग आला होता आणि तो मी गिळला नाही.

"आत्या, तुमी मागल्या आठवड्यात आईला बघून गेलासा न्हवं?"

"गेले की."

"काय म्हनला तिला?"

आईच पलंगावरून बोलली. "अंग भरलं म्हनली. तोंडावर तेज आलंय म्हनली."

ते तेज म्हणजे सूज होती. आत्या समोर बसून चहा पिऊन गेली. आजूबाजूच्या मळ्यांतल्या दोघीतिघी अंग भरलं म्हणून गेल्या. पाय कुणी बघितले नाहीत. ते मी बघितले, सव्वाशे किलोमीटरवरून, हाताएवढ्या काचेतून. चूक माझी झाली, मी ती मान्य करते, कुणाहीपुढे करीन. पण त्या चुकीचं नाव 'फोन' नाही. मी आत्याला हे सगळं सांगितलं. ती फणकाऱ्यानं बाहेर गेली आणि थोड्या वेळानं आईसाठी शहाळं घेऊन आली. शहाळं आईला चालत नव्हतं. मी ते प्यायले.

काटा

आईला घरी सोडलं तेव्हा वजन होतं साडेबावन्न, लुगड्यासकट. मी आठ दिवसांची रजा काढून मळ्यात राहिले. खरी अडचण आता होती. तात्या काट्याला हात लावेनात. त्यांनी तो शेळ्यांच्या सपरात नेऊन ठेवला होता. "माझ्या हातनं नगं," एवढंच म्हणायचे. मी परत गेले की वजन कोण घेणार? आईला स्वतः वाकून आकडा दिसत नाही. वजन नाही तर पाणी कळणार नाही, आणि पुन्हा पाणी चढलं तर पुढच्या वेळी जीप वेळेवर पोचेलच असं नाही. डॉक्टरबाईंनी हे मला स्पष्ट सांगितलं होतं.

दोन दिवस मी समजूत घातली, उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी भांडले.

"तात्या, डाक्टरबाई काय हळद घ्यायला बसल्यात व्हय? त्यास्नी माल नगोय. वलच पायजे."

तात्यांनी मान वर केली. "म्हंजे?"

"माल बावन्न हाय हे त्यास्नी ठावं हाय. तुमी काट्यावरचा आकडा सांगितला की त्या त्यातनं माल वजा करणार. राहिलं ते पानी. तेवढ्या पान्यापुरती गोळी द्यायची."

तात्यांनी ओठांतल्या ओठांत हिशेब करून बघितला. "म्हंजे म्या जे टाकून देत व्हतो, ती बाई त्याचंच गिऱ्हाईक हाय व्हय?"

"व्हय."

"मग हे आधी सांगायचं न्हाई व्हय गं, शहाने?" तात्या खेकसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. मी मुकाट्यानं ऐकून घेतलं, कारण बोलणं रास्त होतं आणि मला बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर काटा सपरातून आला होता. सारवलेल्या जमिनीवर तो डुगडुगतो म्हणून तात्यांनी खाली शहाबादी फरशी बसवली होती, आणि दुकानदाराकडून पाच किलोची लोखंडी मापं आणून, काटा खरा बोलतो का ते तपासत होते. आई चहासाठी ताटकळली होती. "माझं पोतं कवा तोलनार?" म्हणाली.

तुमच्या घरी असं माणूस असेल तर माझं एवढंच ऐका. जो मोजतो त्याला कशासाठी मोजायचं ते सांगा, आणि ते त्याच्या धंद्याच्या भाषेत सांगा. फोनवर तोंड बघू नका, तोंड सगळे बरंच करून बसतात. पाय दाखवायला लावा. नंबर जो धावपळ करणार आहे त्याचा द्या. आणि लांबून काय सेवा होते असं कुणी म्हणालं तर वाद घालायला घाबरू नका. मी घातला, कुणी मेलं नाही.

परीक्षेचा दिवस

मार्चमध्ये माझी दहावीच्या परीक्षेवर नेमणूक होती. त्या दिवशी सकाळी आकडा आला नाही. मी फोन केले, लागत नव्हते. साडेसहा, सात, आठ. दहाला नियमाप्रमाणे फोन जमा करून वर्गात गेले. तीन तास मी त्या वर्गात फेऱ्या मारल्या. पेपर मराठीचा होता आणि मला फळ्यावरची वेळसुद्धा धड वाचता येत नव्हती.

दोनच्या सुमाराला फोन हातात आला तेव्हा तात्यांचे आवाजी निरोप येऊन पडले होते. मी पायरीवर बसून कानाला लावला.

"जये, टाकीपशी रेंज न्हाई आज. तळ्याच्या बांधावर आलोय. वजन चोपन्न आठशे. तीन दिसांत दोन किलो चढलंय. तुला फोन लागंना."

पुढचा निरोप दोन तासांनंतरचा. तात्यांना धाप लागली होती.

"दवाखान्याला म्याच लावला. ती पोरगी म्हनली, नोंद मुलीच्या नावावर हाय, मुलीनंच फोन कराय पायजे. म्या म्हनलं, बाई, मुलगी परीक्षेत हाय. वजन म्या घेतलंय, काटा म्या तपासलाय, बायकू माझी हाय. दोन किलो पानी हाय आन त्यातनं म्या काय बी वजा केल्यालं न्हाई. डाक्टरीनबाईला दिल्याबिगर म्या फोन ठिवत न्हाई. अर्धा तास उभा व्हतो उन्हात. दिला शेवटाला. दोन दिस दोन दोन गोळ्या सांगितल्यात. पयली दिली. दोनदा लघवीला जाऊन आली. सांगलीला न्यायची गरज न्हाई म्हनल्या."

मी रडले. शाळेच्या पायरीवर, शिपाई आणि दोन मॅडम बघत असताना, तोंडाला पदर न लावता रडले. तीन तासांची भीती होती ती, आणि त्याआधीच्या पाच महिन्यांची.

मग शेवटचा निरोप ऐकला. तो छोटा होता.

"तुजी आई जेवली. अळनी पिठल्याला नावं ठिवली. आता आडवी हूनशान झोपलीया. तू बी जेव."